पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला घरच्या घरी उजाळा

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालेल्या रस्त्यावर कुंभारी लागते ती दिवेलागणीला. या वेळी तिथली वर्दळ पाहण्यासारखी असते. स्वामी समर्थांच्या दर्शनाहून परतणाऱ्या मोटारी, शहरातून घरी येणारे दुचाकीस्वार, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या बाया आणि हंगाम असेल तर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. याच कुंभारीत २००६ मध्ये कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे विडी कामगार महिलांना मिळाली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील १५ हजार घरांच्या चाव्या कष्टकऱ्यांच्या हाती आल्या. एकेकाळच्या खेड्याभोवती आता एक लहानसे शहरच वसले आहे आणि त्याची पावले याच रस्त्यावरून चालतात. अशा रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारींकडे जरा निरखून पाहावे. काहींचे दिवे स्वच्छ, पांढरा झोत टाकणारे. तर काहींचे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे धूसर, पिवळट. दिवा पेटलेला असतो, पण प्रकाश रस्त्यापर्यंत पोहोचत नाही.

गाडी आठ-दहा वर्षांची झाली की हा ‘मोतीबिंदू’ बहुतेकांच्या वाट्याला येतो. बहुसंख्य वाहनधारक त्याकडे दिसण्यापुरता दोष म्हणून पाहतात. वस्तुतः तो दिसण्याचा नव्हे, तर पाहण्याचा प्रश्न आहे. तो बऱ्याच अंशी घरच्या घरी, एका सकाळीत आणि नव्या दिव्याच्या किमतीच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चात सोडवता येतो. मात्र त्यासाठी आधी हे धूसरपण कशाने येते, ते समजून घ्यायला हवे. ते न समजल्यामुळेच टूथपेस्ट चोळून चकचकीत केलेले दिवे महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पिवळे पडतात.

काच नव्हे, प्लॅस्टिक

आपण सवयीने ‘हेडलाइटची काच’ म्हणतो. अॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरोखरच काच असे. दगड लागला तर ती फुटे, पण उन्हाने पिवळी पडत नसे. आजच्या बहुतेक मोटारींच्या दिव्यांवर काच नसते. असते ते पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक. जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोघा रसायनतज्ज्ञांनी १९५३ मध्ये ते स्वतंत्रपणे शोधून काढले. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, हवा तो आकार घेण्याची क्षमता आणि आघात सोसण्याची विलक्षण ताकद हे त्याचे गुण. चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांतही हेच प्लॅस्टिक वापरले गेले होते. अमेरिकेत १९८३ मध्ये नियम बदलल्यानंतर प्लॅस्टिकच्या आवरणाचे दिवे मोटारींवर येऊ लागले आणि पुढे ते जगभर रुळले.

या गुणी प्लॅस्टिकला दोन खोडी मात्र आहेत. एक तर ते मऊ असल्याने त्यावर सहज ओरखडे उठतात. दुसरे म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण, पारदर्शक लेप चढवलेला असतो. त्याची जाडी माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी कमी असते. दिव्याची खरी राखण हा लेपच करतो.

उन्हाचा मार

सोलापूरच्या उन्हाळ्याची ओळख करून द्यायची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणे इथे नवलाचे नाही आणि दारासमोर उभ्या मोटारीला बहुधा सावली नसते. वर्षानुवर्षे ऊन खाऊन तो पातळ लेप ठिसूळ होतो, त्याला सूक्ष्म तडे जातात आणि अखेर त्याचे पापुद्रे निघू लागतात. लेप गेला की अतिनील किरण थेट पॉलिकार्बोनेटवर पडतात आणि त्याच्या रेणूंमधील बंध तोडतात. या तुटफुटीतून जे नवे रेणू तयार होतात, ते निळा प्रकाश शोषून घेतात. म्हणून दिवा पिवळा दिसतो. पृष्ठभागावरील असंख्य सूक्ष्म तड्यांमुळे प्रकाश सरळ न जाता इकडेतिकडे विखुरतो. म्हणून तो धूसर दिसतो. म्हणजे पिवळेपणा आणि धूसरपणा हे एकाच दुखण्याचे दोन चेहरे आहेत.

त्यात आपल्या सवयींची भर पडते. रोज सकाळी धुळीने माखलेल्या गाडीवर कोरडा फडका मारण्याची पद्धत घरोघरी आहे. धुळीतील बारीक वाळूचे कण फडक्याबरोबर घासले जातात आणि लेपावर ओरखडे उठतात. ज्यांची गाडी रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी असते, त्यांनी दोन्ही दिवे ताडून पाहावेत. ज्या बाजूला ऊन अधिक, त्या बाजूचा दिवा बहुधा अधिक पिवळा आढळेल.

अंधारात किती दिसते?

अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत, धूसर झालेले जुने दिवे नव्या दिव्यांच्या केवळ सुमारे २० टक्के प्रकाश देतात, असे आढळले. हा आकडा आपल्या रस्त्यावर आणून पाहू. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे प्रकाश एक-पंचमांश झाला की दिसण्याचे अंतर ढोबळमानाने निम्म्याहून कमी होते. चांगल्या दिव्याच्या खालच्या झोतात ६० मीटरवरचा माणूस दिसत असेल, तर धूसर दिव्यात तो २७ मीटरवर आल्यावर दिसेल.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर. चांगल्या दिव्यांची गाडी त्या माणसाच्या अलीकडे थांबेल. धूसर दिव्यांच्या गाडीचा ब्रेक मात्र लागतो न लागतो तोच ती त्याच्याजवळ पोहोचलेली असेल. मागे दिवा नाही की रेडियमची पट्टी नाही, अशी उसाची ट्रॉली ज्यांनी ऐन वेळी पाहिली आहे, त्यांना हे गणित अधिक समजावून सांगायला नको.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या पुढील दिव्यांचा पांढरा प्रकाश १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. पिवळट, विखुरलेल्या प्रकाशाने या नियमाचा हेतू साधत नाही, हे उघड आहे.

आधी परीक्षा, मग उपचार

काम हाती घेण्यापूर्वी दोष कुठे आहे ते तपासावे. दिवा स्वच्छ धुवावा आणि ओला असतानाच पाहावा. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसत असेल आणि वाळताच पुन्हा धूसर होत असेल, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पाणी सूक्ष्म ओरखडे भरून काढते म्हणून तो तेवढ्यापुरता स्वच्छ दिसतो. असा दिवा घरी सुधारता येतो. ओला करूनही तो तसाच राहिला, तर धूसरपणा आतल्या बाजूने आहे किंवा तडे खोलवर गेले आहेत. आत पाण्याचे थेंब जमत असतील तर दिव्याचा जोड सुटला आहे. आतील परावर्तकाचा मुलामा उडाला असेल तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. या तिन्ही प्रसंगी दिवा उघडून दुरुस्त करणे किंवा बदलणे, हाच मार्ग.

साहित्य आणि जागा

बादलीभर स्वच्छ पाणी, गाडी धुण्याचा शॅम्पू, मास्किंग टेप, ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० क्रमांकाचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, दोन-तीन मऊ मायक्रोफायबरचे फडके, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शेवटी चढवायचे अतिनील-रोधक आवरण एवढे साहित्य पुरते. रंगाच्या किंवा मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत ते मिळते. हे सर्व एकत्र असलेले तयार संचही बाजारात आहेत.

सकाळची वेळ आणि सावलीची जागा निवडावी. तापलेल्या दिव्यावर काम करू नये. वाऱ्याने धूळ उडत असेल तर आधी आजूबाजूच्या जमिनीवर पाणी शिंपडावे. अंगणात सडा घालण्याची आपली रीत इथे चांगली उपयोगी पडते.

कृती, क्रमाक्रमाने

प्रथम दिवा आणि त्याच्या भोवतालचा भाग शॅम्पूने धुऊन घ्यावा. धुळीचा एक कणही राहिला तर तो घासताना खोल ओरखडा पाडतो. नंतर दिव्याच्या कडेने बॉनेट, बंपर आणि मडगार्डवर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. ही पायरी टाळणाऱ्याच्या गाडीचा रंग हमखास खरवडला जातो.

वॉटर पेपर दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजवून ठेवावा. सुरुवात ८०० क्रमांकाने करावी. लेपाचे पापुद्रे निघत असतील तर त्याआधी ६०० क्रमांकाचा पेपर वापरावा लागतो. दिवा आणि पेपर दोन्ही सतत ओले ठेवून, हलक्या हाताने, आडव्या दिशेने सारखे घासावे. दिव्यावरून ओघळणारे पाणी आरंभी पिवळट येते. तो निघणारा जुना लेप होय. पाणी दुधासारखे पांढरे येऊ लागेपर्यंत थांबू नये. जुना लेप ठिकठिकाणी शिल्लक राहिला, तर पुढचे सारे श्रम वाया जातात आणि दिव्यावर डाग दिसत राहतात.

या टप्प्यावर दिवा पूर्वीपेक्षाही पांढुरका आणि अपारदर्शक दिसू लागतो. नवखा माणूस इथेच घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. संपूर्ण दिवा एकसारखा पांढुरका झाला, याचा अर्थ काम बरोबर चालले आहे.

आता दिवा आणि हात स्वच्छ धुवावेत, बादलीतील पाणी बदलावे आणि १००० क्रमांकाचा पेपर घ्यावा. या वेळी उभ्या दिशेने घासावे. दिशा बदलल्याने आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही, ते लगेच कळते. याच रीतीने दर वेळी दिशा बदलत १५०० आणि २००० क्रमांकाचे पेपर वापरावेत. प्रत्येक पायरीला पाच ते सात मिनिटे द्यावीत. घाईने मधली पायरी गाळली तर जाड ओरखडे पुढच्या बारीक पेपरने निघत नाहीत.

शेवटचा थर सर्वांत महत्त्वाचा

येथून दोन वाटा फुटतात आणि त्यांपैकी एक आधीच ठरवून ठेवावी लागते.

पहिली वाट पॉलिश करून मेण लावण्याची. २००० नंतर ३००० क्रमांकाचा पेपर फिरवून रबिंग कंपाउंडने दिवा मऊ फडक्याने गोलाकार घासावा. दिवा डोळ्यांदेखत पारदर्शक होत जातो. बफिंगचे यंत्र वापरायचे असल्यास वेग कमी ठेवावा आणि ते एका जागी थांबवू नये, अन्यथा घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडून खराब होते. अखेर अतिनील-रोधक गुण असलेले मेण किंवा सीलंट लावावे. ही वाट सोपी आणि निर्धोक आहे. मात्र हा थर काही आठवडेच टिकतो. दर महिन्या-दीड महिन्याने तो पुन्हा लावण्याची तयारी हवी.

दुसरी वाट अतिनील-रोधक क्लिअर कोट चढवण्याची. तो टिकाऊ असतो आणि चांगला चढला तर वर्षानुवर्षे साथ देतो. या वाटेने जाणाऱ्याने कंपाउंड लावू नये. क्लिअर कोटला धरून राहण्यासाठी किंचित खरबरीत पृष्ठभाग लागतो आणि कंपाउंडमधील तेलकटपणा त्याला चिकटू देत नाही. डब्यावर सांगितलेल्या क्रमांकाच्या पेपरपाशी थांबावे, दिवा पूर्ण वाळू द्यावा आणि अल्कोहोलने पुसून घ्यावा. त्यानंतर बोटांचा स्पर्शही होऊ देऊ नये. क्लिअर कोट एकाच जाड थरात न देता, मध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवून दोन-तीन पातळ थरांत द्यावा. पुढे निदान दिवसभर दिव्याला पाणी लागू देऊ नये. काही संचांत फडक्याने पुसून लावायचे आवरण असते. घरी काम करणाऱ्याला ते फवाऱ्यापेक्षा सोयीचे पडते.

इथे एक इशारा आवश्यक आहे. ज्या क्लिअर कोटमध्ये हार्डनर मिसळावा लागतो, त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही. असा क्लिअर कोट द्यायचा असल्यास घासण्यापर्यंतचे काम घरी करून शेवटचा हात योग्य साधने असलेल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घेणे शहाणपणाचे.

या दोन्ही वाटांना वगळून, केवळ दिवा चमकला म्हणून काम थांबवणे ही सर्वांत मोठी चूक होय. घासल्यामुळे जुना लेप पूर्ण गेलेला असतो. आता ते प्लॅस्टिक उघडे आहे. नवे आवरण न देता त्याला सोलापूरच्या उन्हात सोडले, तर ते पूर्वीपेक्षा लवकर पिवळे पडेल.

टूथपेस्ट, पेट्रोल आणि डासांचा फवारा

घरगुती उपायांची यादी मोठी आहे. टूथपेस्टमध्ये बारीक घर्षक कण असतात. त्यामुळे वरवरचा धूसरपणा थोडा निघतो; मात्र खोलवरचे ओरखडे जात नाहीत आणि संरक्षण तर काहीच मिळत नाही. डास पळवणारा फवारा मारला की दिवा क्षणात चकाकतो, असे दाखवले जाते. त्यातील डीट हे रसायन प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून गुळगुळीत करते. ती चकाकी म्हणजे उपचार नव्हे, इजा आहे. पेट्रोल, थिनर किंवा अॅसिटोनने पॉलिकार्बोनेटला आतून तडे जातात आणि ते कोणत्याही पेपरने निघत नाहीत. अमोनियायुक्त काच-क्लीनर आणि कॉस्टिक सोडा यांपासूनही दिवा दूर ठेवावा.

प्रकाश वाढवण्यासाठी अधिक वॅटचा बल्ब बसवण्याचा मोहही टाळावा. साध्या हॅलोजन बल्बची क्षमता ६०/५५ वॅट असते. त्याहून प्रखर बल्बच्या उष्णतेने परावर्तक आणि प्लॅस्टिक दोन्ही खराब होतात. शिवाय धूसर प्लॅस्टिकमधून तो प्रखर प्रकाश विखुरतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपवतो. आपल्याला अधिक दिसत नाही. त्याला मात्र काहीच दिसत नाही.

भिंतीवरची परीक्षा

काम सुरू करण्याच्या आदल्या रात्री गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करून खालचा झोत भिंतीवर पाडावा आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. काम झाल्यावर त्याच जागेवरून पुन्हा घ्यावे. आधी पसरट, पिवळा डाग दिसत असे, तिथे आता झोताची वरची कडा स्पष्ट उमटली पाहिजे. दिवसा दिवा कसा चमकतो, यावर समाधान मानू नये. निकाल रात्रीच्या भिंतीवर लागतो. झोत फार वर किंवा एका बाजूला झुकलेला वाटल्यास गॅरेजमध्ये नेऊन तो जुळवून घ्यावा.

घरगुती उपचाराची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. वर उल्लेखिलेल्या चाचणीत सुधारलेल्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. मात्र त्यांची चकाकी तिथल्या नियमांत बसण्याइतकी कमी नव्हती. म्हणजे २० वरून ७० ही झेप मोठी असली, तरी तो नवा दिवा नव्हे. ज्यांना रोज रात्री महामार्गावर गाडी चालवावी लागते आणि ज्यांचे दिवे फारच जीर्ण झाले आहेत, त्यांनी उत्पादकाचे मूळ दिवे बसवून घेणे उत्तम.

दसऱ्याच्या आधी

पुढची निगा साधी आहे. धुळीने भरलेल्या दिव्यावर कोरडा फडका मारू नये, आधी पाणी ओतावे. शक्य तेव्हा गाडी सावलीत, किंवा निदान दिव्यांवर दुपारचे ऊन येणार नाही अशा बेताने उभी करावी. महिन्यातून एकदा दिव्यांवर मेणाचा हात फिरवावा.

या कामाला सोयीचा मुहूर्त आपल्याकडे आयताच आहे. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून तिची पूजा करण्याची प्रथा घरोघरी आहे. पावसाळा सरत आलेला असतो आणि थोड्याच दिवसांत गळीत हंगाम सुरू होऊन उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येणार असतात. त्या आठवड्यात एक सकाळ या दोन दिव्यांसाठी राखून ठेवावी. कुंभारीच्या वळणावर अंधारात रस्ता ओलांडणारी बाई आपल्याला २७ मीटरऐवजी ५० मीटरवरून दिसावी, एवढ्यासाठी ती सकाळ खर्ची घालण्यास हरकत नसावी.